वळिवड्याच्या पोलिश बायकांना रशिया कसा दिसायचा, आणि आपल्याला तो कसा दिसतो

कोल्हापूरकडच्या माणसाला गांधीनगर म्हटलं की बस्ता आठवतो. लग्न ठरलं की सगळं घर गाडीत बसून गांधीनगरला, एका दुकानात मानाच्या साड्या, दुसऱ्यात टॉवेल-टोपी, मग नवरदेवाच्या कोटासाठी अजून दोन-चार दुकानं, आणि संध्याकाळी गठ्ठे बांधून परत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथं वसले आणि त्यांनी ही बाजारपेठ उभी केली हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण सिंधी लोक यायच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात, इथंच वळिवड्याचा कॅम्प होता आणि त्यात पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहत होते, बहुतेक सगळ्या बायका आणि लहान मुलं, त्यांची शाळा होती, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, म्हणजे कोल्हापूरच्या वेशीजवळ पोलंडचं एक अख्खं गावच वसलं होतं.

हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. पण हे लोक एवढ्या लांब आले कशामुळं, हा प्रश्न मला पडला तो पार २०२२ मध्ये, ऑफिसच्या एका कॉलवर.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमची अर्धी टीम पोलंडमध्ये क्राकूवला बसते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात एका कॉलच्या शेवटी तो विषय निघाला. मी म्हणालो की युद्ध वाईटच, पण नाटो ही अमेरिका-युरोपची लष्करी युतीपण रशियाच्या दारापर्यंत गेली ना, दोन्ही बाजूंचं काहीतरी असणारच. समोरची पोलिश सहकारी, एरवी भरपूर बोलणारी, एकदम गप्प झाली. मग शांतपणे म्हणाली की माझ्या आजीला ती शाळेत असताना रात्री घरातून उठवून मालगाडीत घालून सायबेरियात नेलं होतं, तू जिला दुसरी बाजू म्हणतोयस ती आमच्या घरात येऊन गेलेली आहे.

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण माझ्या मते मी काहीच चुकीचं बोललो नव्हतो, उलट मी तर समतोल बोलत होतो. पण नंतर जसजसं वाचत गेलो तसं कळलं की मी ज्याला समतोल समजत होतो ती पण एक आठवणच होती, फक्त माझ्या घरची, माझ्या शाळेची, माझ्या देशाची.

दोन देशांमधल्या संबंधांबद्दल बोलताना आपण साधारण ताकद मोजतो. कुणाकडं किती रणगाडे, किती तेल, किती पैसा. हे मोजायलाच पाहिजे, या विषयाच्या अभ्यासात त्याला वास्तववाद म्हणतात आणि त्याच्याशिवाय काही समजत नाही. पण अभ्यासकांचा एक दुसरा गट आहे, त्यांच्या विचाराला रचनावाद म्हणतात, आणि ते एक फार सोपं उदाहरण देतात. ब्रिटनकडं शेकड्यांनी अण्वस्त्रं असली तरी अमेरिकेतल्या माणसाची झोप उडत नाही, आणि उत्तर कोरियाकडं पाच असली तरी उडते. बॉम्ब तोच, मग फरक कशात? तर तो कुणाच्या हातात आहे आणि त्या हाताशी आपलं नातं काय आहे याच्यात. आणि हे नातं फक्त करारांच्या फायलींमध्ये तयार होत नाही, ते शाळेच्या पुस्तकात, आजीच्या गोष्टीत, पोस्टाच्या तिकिटावर, चौकातल्या पुतळ्यात, आणि एखाद्या साध्या शब्दाचा आपल्या भाषेत काय अर्थ होतो याच्यात हळूहळू तयार होतं. सांस्कृतिक पार्श्वभूमी हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच.

आता आपला रशिया बघा.

माझ्या आजोबांच्या कपाटात मराठीत आलेली रशियन पुस्तकं होती, जाड कागद, रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की शाळामास्तरालाही परवडावी. सोव्हिएत लँडचे जुने अंक असायचे, त्याचा कागद इतका गुळगुळीत की जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या वह्यांना त्याचीच कव्हरं, त्यामुळं माझ्या गणिताच्या वहीवर कितीतरी वर्षं ट्रॅक्टर चालवणारी एक हसरी बाई होती. मला रशियाबद्दल पहिल्यांदा काही वाटलं असेल तर ते त्या बाईमुळं, आणि ते चांगलंच वाटलं.

त्याच्यावर मग बाकीचे थर चढत गेले. पवईची आयआयटी १९५८ ला सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून. भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्याच मदतीचा. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई विमानं बनली, त्या भागातल्या कितीतरी घरांत रोजचा पगार त्या विमानांवर आला. १९८४ ला राकेश शर्मा अवकाशात गेले ते सोव्हिएत यानातून. आणि सगळ्यात पक्का थर १९७१ चा. ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला, डिसेंबरमध्ये बांगलादेशचं युद्ध सुरू असताना अमेरिकेनं एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडं पाठवली, आणि तिकडं सुरक्षा परिषदेत सोव्हिएत युनियननं पुन्हा पुन्हा व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरून आपल्याला लागणारा वेळ मिळवून दिला. ज्यांनी ते दिवस रेडिओला कान लावून काढले त्यांच्यासाठी रशिया हा संकटात दाराशी उभा राहिलेला माणूस आहे. आपल्याकडं अशा माणसाला सोडत नाहीत, त्याचं पुढं काहीही झालं तरी त्याच्याबद्दल चारचौघांत वाईट बोलत नाहीत. मीठ खाल्लं की जागायचं, ही गोष्ट आपण लहानपणीच शिकतो आणि नकळत देशांनापण लावतो.

गोव्याचं तर मराठी माणसानं वेगळं लक्षात ठेवावं. १८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी प्रश्न सुरक्षा परिषदेत गेला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी भारतानं ताबडतोब थांबावं आणि मागं फिरावं अशा ठरावाच्या बाजूनं मत दिलं, तो ठराव अडला सोव्हिएत व्हेटोमुळं. आपल्यासाठी ती मुक्ती होती, साडेचारशे वर्षांचं एक ओझं छत्तीस तासांत उतरलं. लिस्बनमध्ये मात्र सालाझारच्या सरकारसाठी ते आक्रमण होतं, आणि पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते तिथली हुकूमशाही १९७४ च्या एप्रिलमध्ये पडल्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस. गोव्यावर भारताचा हक्क होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तेव्हा युरोपातल्या सामान्य माणसाला पेपरात काय दिसलं असेल, की एका मोठ्या देशाचं सैन्य हद्द ओलांडून एका छोट्या प्रदेशात शिरलं. त्याला सालाझार कसा होता, राममनोहर लोहियांनी १९४६ ला मडगावात सभा घेतली तेव्हा काय झालं, १९५५ च्या सत्याग्रहात किती जणांवर गोळ्या झाडल्या, यातलं काही ठाऊक नसणार.

आता पोलिश माणसाचा रशिया.

पोलंड हा देश १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं गिळला आणि नंतर १२३ वर्षं नकाशावर हे नावच नव्हतं. १९१८ ला देश परत उभा राहिला. मग २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी करार केला, त्यातल्या गुप्त भागात पोलंड वाटून घ्यायचं ठरलं, १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मनी आली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौज. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलायला सुरुवात झाली. जंगल खात्यात नोकरी, सैनिकाची जमीन, घरचा माणूस पोलिस किंवा अधिकारी, एवढं कारण पुरायचं. मालगाड्या आठवडे-आठवडे चालायच्या आणि लाखो लोक सायबेरिया, कझाकस्तान, उत्तरेकडची जंगलं असे पसरले गेले. त्याच वसंतात कातीनच्या जंगलात आणि आणखी काही ठिकाणी मिळून बावीस हजारांच्या आसपास पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून मारले, आणि हे जर्मनांनी केलं असं सोव्हिएत सरकार जवळजवळ पन्नास वर्षं सांगत राहिलं, कबुली दिली ती १९९० ला. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. बाप मारला हे एक, आणि वर पन्नास वर्षं शाळेत पोराला शिकवायचं की तो दुसऱ्यानंच मारला.

१९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला तेव्हा चक्र फिरलं. सोव्हिएत सरकारनं लंडनमध्ये आसऱ्याला गेलेल्या पोलिश सरकारशी करार केला, कैद्यांना सोडलं, सुटलेले लोक मिळेल त्या गाडीनं, चालत, उपाशी, दक्षिणेकडं निघाले आणि १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. तिथून काही हजार हिंदुस्थानात. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरक्या मुलांना जागा दिली ती गोष्ट आता बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे, वॉर्सात त्यांच्या नावानं चौक आहे. पण देशातला सगळ्यात मोठा पोलिश कॅम्प होता तो आपला वळिवड्याचा.

म्हणजे कोल्हापूरला पोलिश लोक हिटलरमुळं आले असा जो आपला समज असतो, माझाही होता, तो अर्धाच खरा आहे. वळिवड्यात राहिलेल्या बहुतेकांना घरातून ज्यांनी काढलं ते स्टालिनचे लोक होते. आणि युद्ध संपल्यावरही त्यांच्यातल्या पुष्कळांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती आणि उरलेल्या पोलंडवर मॉस्कोचाच हात होता. मग ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले.

इथं रशियन माणसाला काय दिसतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर हा लेख लंगडा होईल. रशियन मुलगा इतिहास शिकतो तेव्हा त्याच्या पुस्तकात पश्चिमेकडून सतत कुणीतरी चालून येत असतं. १६१० ला पोलिश फौज चक्क क्रेमलिनमध्ये बसली होती, तिला १६१२ ला हाकललं, त्याची आठवण म्हणून २००५ पासून ४ नोव्हेंबरला तिथं राष्ट्रीय सुट्टी असते. १८१२ ला नेपोलियन आला, त्याच्या फौजेतही पोलिश पलटणी होत्या. १९४१ ला हिटलर आला आणि त्या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसं गेली. रशियात त्या युद्धाला महायुद्ध न म्हणता महान देशभक्तीचं युद्ध म्हणतात आणि ते सुरू होतं २२ जून १९४१ ला. पोलंडमध्ये तेच युद्ध १ सप्टेंबर १९३९ ला सुरू होतं. मधली पावणेदोन वर्षं, ज्यात स्टालिन आणि हिटलर यांचा करार होता, ती रशियन आठवणीत युद्धाच्या बाहेर पडतात आणि पोलिश आठवणीत तीच युद्धाचा गाभा आहेत. युद्ध कधी सुरू झालं इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर दोन शेजारी वेगळं देतात, तर मग नाटो कशासाठी याचं उत्तर एक कसं येईल? रशियन माणसाला नाटो म्हणजे पुन्हा तेच पश्चिमेकडून येणं वाटतं, पोलिश माणसाला १९९९ ला नाटोत जाणं म्हणजे दोनशे वर्षांनी दाराला कडी लावणं वाटतं, आणि आपल्याला नाटो म्हटलं की एंटरप्राइज आठवते. यानं रशियाचा हल्ला योग्य ठरत नाही. शेजाऱ्याच्या देशात रणगाडे घालायला भीती हे कारण पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते त्या कॉलनंतर जास्त पक्कं झालं.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते १९४३ या एका सालानं. कारण त्या वर्षी आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूर ते मुंबईच्या पट्ट्यात, एकच जग वेगवेगळं बघणारी माणसं शेजारी-शेजारी होती.

वळिवड्यात पोलिश बायका उतरत होत्या. त्यांच्यासाठी स्टालिन हा घर मोडणारा आणि ब्रिटिश सरकार हे आसरा देणारं, त्यांचं सरकार लंडनमध्ये होतं, त्यांची पोरं ब्रिटिश विमानं उडवत हिटलरशी लढली होती. तिथून जवळच, सातारा जिल्ह्यात, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. तुफान सेनेच्या पोरांनी ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ ब्रिटिशांच्या पगाराची गाडी लुटली, पुणे-मिरज लाइनवर, आणि पुढं मिरजेहून कोल्हापूरकडं जाणाऱ्या लाइनवर वळिवडे आहे. त्या पोरांसाठी ब्रिटिश सरकार म्हणजे पाठीवर आसूड ओढणारं, घरावर जप्ती आणणारं सरकार. आणि मुंबईत गिरणगावात त्याच सुमारास अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचून गात होते, डफावर थाप पडत होती आणि ऐकणाऱ्या गिरणी कामगारांच्या अंगावर काटा येत होता, कारण त्यांच्यासाठी स्टालिनग्राड म्हणजे कामगारांच्या राज्यानं फॅसिस्टांना अडवून धरलं ती जागा.

तिघांपैकी खोटं कोण होतं? मला तरी कुणीच वाटत नाही. स्टालिनग्राडला हिटलर अडला हे खरंच आहे आणि तो अडला नसता तर पोलंडचं नाव आज कुठं असतं सांगता येत नाही. सायबेरियाच्या मालगाड्याही खऱ्या आणि साताऱ्यातले आसूडही खरे. प्रत्येकाला जगाचा जो भाग अंगावर आला तो त्याला दिसला. तुफान सेनेतल्या एखाद्या पोरानं वळिवड्याच्या बाईला सांगितलं असतं की आम्ही ब्रिटिशांची गाडी लुटली, तर ती हादरली असती, आणि गिरणगावातल्या कामगारानं तिच्यासमोर तो पोवाडा म्हटला असता तर कदाचित ती रडली असती. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध सुरू होऊन सात महिने होत आलेले असताना, मॉस्कोत अण्णाभाऊंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मला त्याचा अभिमान वाटला, वाटेगावचा माणूस मॉस्कोत उभा आहे. त्या दिवशी फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला हात गेला आणि मी तो मागं घेतला. अभिमान कमी झाला नव्हता, पण समोर कोण बसलंय हे आता माहीत होतं.

आणखी एक गोष्ट आहे जी मला या सगळ्याच्या मुळाशी वाटते, ती म्हणजे साम्राज्य म्हटलं की डोळ्यासमोर येणारं चित्र. आपलं चित्र समुद्राचं आहे. साम्राज्य जहाजातून येतं, त्याचा रंग गोरा असतो, ते आधी वखार घालतं आणि मग किल्ला मागतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच बजावलं होतं, की हे टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी, इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या मागं राज्यं आहेत आणि राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ असतोच, म्हणून यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी पाय रोवू देऊ नका. तीनशे वर्षं झाली तरी आपल्या मनातला परका सत्ताधीश टोपी घालूनच येतो. पोलिश, एस्टोनियन, युक्रेनियन माणसाचं चित्र वेगळं आहे. त्याचं साम्राज्य जमिनीवरून चालत येतं, शेजारच्या घरातून येतं, दिसायला आपल्यासारखंच असतं, बरेचदा म्हणतंही की आपण भाऊच आहोत.

१९५६ ला या चित्राची परीक्षा झाली. ऑक्टोबरच्या शेवटी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलनं सुएझसाठी इजिप्तवर हल्ला केला आणि त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे हंगेरीचा उठाव चिरडत होते. सुएझवर नेहरूंचं सरकार ताबडतोब आणि कडक बोललं. हंगेरीवर मात्र ते अडखळलं, युनोतल्या एका ठरावाच्या तर विरोधात भारतानं मत दिलं, आणि जयप्रकाश नारायणांनी त्यावर जाहीर टीका केली. हितसंबंध होतेच, काश्मीरवर सोव्हिएत व्हेटोची गरज पडणार होती. पण मला वाटतं डोळेही तयार नव्हते. कैरोवर पडणारा ब्रिटिश बॉम्ब आपल्याला लगेच ओळखू आला, तो आपला जुना ओळखीचा होता. बुडापेस्टमधला रणगाडा ओळखीचा नव्हता.

२ मार्च २०२२ ला युनोच्या आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्ध ठराव आला तेव्हा १४१ देश बाजूनं, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ राहिले, त्या ३५ मध्ये आपण होतो. वॉर्सातून बघणाऱ्याला ते पाठ फिरवणं वाटलं. दिल्लीतून बघणाऱ्याला ते आपलं नेहमीचं धोरण वाटलं, आणि वर परराष्ट्रमंत्री जयशंकर त्याच जूनमध्ये ब्रातिस्लाव्हाला जे म्हणाले, की युरोपचे प्रश्न ते जगाचे प्रश्न आणि जगाचे प्रश्न मात्र युरोपचे नाहीत ही सवय युरोपनं सोडावी, ते आपल्याकडं या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फॉरवर्ड होत राहिलं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघंही एकमेकांना न ऐकता बोलत होते.

आपल्याला दुसऱ्याच्या आठवणीतली भीती समजायला अवघड जाते, कारण आपण स्वतःला कुणाची तरी भीती म्हणून कधी बघितलेलंच नसतं. म्हणून मी एक उदाहरण नेहमी देतो, ते ऐकून काही मित्र नाराज होतात पण ते खरं आहे. अटकेपार झेंडे हे शब्द ऐकले की आपली छाती फुगते, माझीही फुगते. पण बंगालमध्ये १७४२ पासून दहाएक वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी ज्या स्वाऱ्या केल्या त्यांची आठवण तिथं बर्गी या शब्दात राहिलीय. हा आपलाच बारगीर. बंगाली आया पोरांना झोपवताना जी अंगाई म्हणतात तिच्यात हे बर्गी देशात आले असं येतं, म्हणजे आपल्याकडं बागुलबुवा येतो तसे तिथं आपण येतो. कलकत्त्यात इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याचं नावच मराठा खंदक. मराठी माणसानं एकदा त्या अंगाईच्या बाजूनं उभं राहून बघावं, मग पोलिश आजी रशिया हा शब्द ऐकून का गप्प होते हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण म्हणून आठवणीला जन्मकुंडली समजू नका, की एकदा लिहिली की तसंच होणार. हंगेरीनं १९५६ ला रणगाडे अंगावर घेतले, तरी २०२२ नंतर ओर्बान सरकारनं रशियाशी तेल आणि गॅसचा व्यवहार धरून ठेवला आणि युरोपशी वाद घातला. उलट पोलंड आणि युक्रेन यांच्यात जुनं रक्त आहे, १९४३ मध्येच व्होलिनियात युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश गावकऱ्यांना मारलं, ती जखम अजून निघते, आणि तरीही २०२२ च्या मार्चमध्ये पोलिश लोक गाड्या घेऊन सीमेवर उभे होते आणि अनोळखी युक्रेनियन बायका-मुलांना आपल्या घरी नेत होते. २०२२ नंतर आपण रशियाचं तेल घेतलं ते स्वस्त मिळालं म्हणून, तिथं मिठाला जागणं वगैरे भाग कमी आणि हिशेब जास्त. आठवण काय करते, तर आधीपासून ठरलेल्या हिशेबाला शब्द देते, आणि कधीकधी कुठला हिशेब करायचा हेच सुचू देत नाही.

शिवाय आठवण बदलतेसुद्धा. माझा भाचा बारावीला आहे, त्याला सोव्हिएत लँड माहीत नाही आणि एंटरप्राइजपण माहीत नाही. त्याच्यासाठी रशिया आणि युक्रेन म्हणजे एमबीबीएसची फी कुठं कमी आहे त्या यादीतली दोन नावं. त्याच्या क्लासमधल्या एका मुलाचा मोठा भाऊ २०२२ ला युक्रेनमधून चालत पोलंडच्या हद्दीवर आला, तिथून ऑपरेशन गंगाच्या विमानानं घरी. त्या घरात आता पोलंड म्हणजे थंडीत ज्यांनी गरम सूप दिलं ते लोक. सीमेवर काही भारतीय मुलांना वाईट वागणूक मिळाल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या, त्या घरांमध्ये वेगळी गोष्ट सांगितली जात असेल. पुढच्या पन्नास वर्षांची मतं अशी तयार होत असतात.

माझ्या त्या सहकारीशी मी पुन्हा बोललो, पण बऱ्याच महिन्यांनी. वळिवड्याचं तिला माहीत होतं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तिथं गेले होते, ती बातमी दोघांनीही बघितलेली, त्यावरून बोलणं सुरू झालं. मी तिला विचारलं की तुम्ही सायबेरिया असं म्हणता तेव्हा नेमकं काय मनात येतं, कारण मराठीत त्याचा अर्थ फार तर खूप थंडी. तर तिनं सांगितलं की पोलिशमध्ये दोन शब्द आहेत. सिबेरिया म्हणजे नकाशावरचा भाग, तिथं आजही कुणी फिरायला जाऊ शकतं. सिबिर म्हणजे जिथं माणसाला पाठवतात. झारच्या काळापासून पाठवत आलेत, आणि तिथून परतलेल्यांना वेगळं नाव आहे. तिच्या आजीच्या तोंडी सिबिर होतं, सिबेरिया कधीच नाही.

मी म्हणालो, आमच्याकडं याला काळं पाणी म्हणतात. तिला समजावलं, की हे एका तुरुंगाचं नाव वाटतं पण नुसतं तुरुंगाचं नाही, माणूस गेला की घरानं त्याची आशा सोडायची अशी ती जागा. तिला ते लगेच कळलं, इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा पटकन कळलं. मग तिनं विचारलं, तुम्हाला तिथं कोण पाठवायचं?

मी सांगितलं, लंडनचं सरकार.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. तिच्या आजीच्या गोष्टीत लंडन हे सुटकेचं नाव होतं.